निवृत्त लढाऊ विमानाच्या जतनासाठी छप्पर हवे : आवाहन

सर्व नागरिक व विमानप्रेमींस सविनय कळविण्यात येते की, सेवेतून निवृत्त झालेले आणि प्रदर्शनासाठी समितीच्या ताब्यात आलेले लढाऊ विमान सध्या उघड्यावर उभे आहे. त्याच्या रंगकामासाठी अनेकांनी मदत देऊ केली, याबद्दल समिती ऋणी आहे. परंतु ही मदत आधी छपरासाठी द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

विमानाची खरी हानी आत साचणाऱ्या पाण्याने होते. पोटाखालच्या पत्र्यात निचऱ्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती धुळीने किंवा पक्ष्यांच्या घरट्यांतील काडीकचऱ्याने बुजली की पाणी तेथेच मुरते, आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला पोलादी बोल्ट जेथे टेकतो तेथे पत्रा खाल्ला जाऊन त्याचे पापुद्रे सुटू लागतात. बाहेरचा रंग मात्र तोवर चकचकीतच दिसत असतो.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन येथील डेव्हिस-मंथन या हवाई दलाच्या तळावर दुसऱ्या महायुद्धानंतर निवृत्त विमाने साठवण्यास सुरुवात झाली, ती तेथील कोरड्या हवेमुळे आणि विमानांचे वजन पेलणाऱ्या टणक जमिनीमुळे. तेथेही इंधनप्रणालीत तेल फिरवून आतून संरक्षक थर दिला जातो, फटी बंद केल्या जातात आणि ऊन परतवणारा, पुढे सोलून काढता येणारा पांढरा लेप चढवला जातो. वाळवंटात एवढी खबरदारी घ्यावी लागते, तर दमट हवेत नुसत्या रंगावर विसंबणे आम्हांस धोक्याचे वाटते.

छपराबरोबरच टायरांवरचा भार उतरवणारे आधार, कॉकपिटसाठी आर्द्रताशोषक यंत्र आणि गोड्या पाण्याने नियमित धुलाईसाठी स्वयंसेवक हवे आहेत. ताडपत्री मात्र कृपया देऊ नये. तिच्याखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने ती घासून कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर ओरखडे उठतात. जुन्या विमानांतील उपकरणांच्या काही तबकड्यांवर रेडियमयुक्त, म्हणजे किरणोत्सर्गी, रंग असू शकतो, त्यामुळे कॉकपिटमधील काम केवळ जाणकारांकडूनच करून घेतले जाईल. विमान-देखभालीचा अनुभव असलेल्या निवृत्त तंत्रज्ञांनी समितीशी अवश्य संपर्क साधावा. असे दोन-तीन हात मिळाले तरी आमचे निम्मे काम सुकर होईल.

प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि छपराचे काम पूर्ण होईपर्यंत जमा रकमेतून रंगावर काहीही खर्च केला जाणार नाही.