वजनकाट्यावर बसणाऱ्या आशिषला

मिरज

प्रिय आशिष,
अनेक आशीर्वाद.

उसाचा हंगाम सुरू झाल्यापासून साखर कारखान्यात रविवारीही पाळी लागते, उपासना हुकते, आता आपण नावाचेच ख्रिस्ती उरलो, असं तू फोनवर म्हणालास. ते मनातून जाईना म्हणून लिहायला बसले. सुट्टी मिळेल तेव्हा चर्चला जरूर जा, प्रभुभोजन चुकवू नकोस. पण कारखान्याच्या वजनकाट्यावर देवाचं काम नसतं, असं मात्र समजू नकोस.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढ. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि त्यांची आरोळी प्रभूच्या कानी जाते, असं तिथं लिहिलंय. तुझ्यासमोर गाडी घेऊन उभे असतात ते कापणारेच की रे. बीडकडून आलेले नवराबायको, दोघं मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तोडलेल्या उसाच्या टनावर फिटते. काट्यावर वजन कमी लागलं की शेतकऱ्याचं बिल घटतं आणि इकडे कोयत्याची उचल अंगावर राहते. मग ती फेडायला तीच बाई पुढच्या हंगामात पोटाशी पोर घेऊन परत फडात. काट्यावरच्या या वजनचोरीला, काटामारीला, काय म्हणतात हे आपल्या भागात शाळकरी पोरांनाही सांगावं लागत नाही. नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय तर खोट्या तराजूपासूनच सुरू होतो. परमेश्वराला त्याचा वीट आहे म्हणे. इतक्या साध्या वस्तूकडे देवाचं लक्ष आहे, याचा मला फार आधार वाटतो.

तेव्हा गाडी चढण्याआधी काटा शून्यावर आहे ना, बघत जा. भरलेलं वजन आणि रिकामं वजन, दोन्ही आकडे गाडीवानाला ऐकू जातील असे मोठ्यानं सांग. ज्याला वाचता येत नाही त्याला पावती वाचून दाखव, मागं कितीही रांग असू दे. कुणी आकडा फिरवायला सांगितलं तर सरळ नाही म्हण. नोकरीचं पुढं काय ते आपण बघू. बाबांचंही हेच म्हणणं आहे.

मिशनरी डॉ. वॉनलेस 1889 साली भारतात आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचं इस्पितळ सुरू झालं. तिथंच मी नर्सिंग केलं, हे तुला माहीतच आहे. ऑपरेशनआधी आम्ही प्रार्थना करायचो. पण प्रार्थना केली म्हणून अवजारं उकळण्यात कधी हयगय केली नाही. रोग्यासाठी दोन्ही लागायचं. तुझ्या कामाचंही तसंच आहे.

आणखी एक. टोळ्यांच्या खोप्यांजवळ ऊसतोड मजुरांच्या मुलांची साखरशाळा भरते का, त्याची चौकशी कर. नसेल तर तिथं किती मुलं आहेत ते कळव. आपल्या महिला मंडळातल्या दोघी निवृत्त शिक्षिका शनिवारी यायला तयार आहेत, पाळकसाहेबांशीही मी बोलले आहे. पाट्या आणि पुस्तकं इथून आणू, तू फक्त मुकादमाला विचारून बसायला सावलीची जागा बघून ठेव.

तुझी,
आई