बाबांच्या वहीतला एकच रकाना

सिंगापूर

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, श्रीमंत देशानं महामारी कशी हाताळली यावर मला वर्गात बोलायचंय. आपल्याकडे तेव्हा कसं होतं?" मी फोडणी देता देता म्हणाले, "इथे सगळं व्यवस्थित होतं गं." फोन ठेवल्यापासून ते वाक्य मला टोचतंय. पुण्यातल्या वर्गात तू ते तसंच सांगशील, म्हणून हे पत्र.

व्यवस्थित होतं हे खोटं नाही. 2003 मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीनं इथे 33 माणसं नेली होती, आणि ते या देशानं विसरू दिलं नव्हतं. संसर्गजन्य रोगांसाठी 330 खाटांचं राष्ट्रीय केंद्र 2019 मध्येच सुरू झालेलं होतं. 7 फेब्रुवारी 2020 च्या शुक्रवारी करोनाच्या धोक्याची सरकारी पातळी वाढून नारिंगी झाली आणि लोकांनी तांदूळ, नूडल्स, टॉयलेट पेपर उचलून दुकानं रिकामी केली. तू माझा हात धरून विचारलं होतंस, आपल्याला भात मिळेल ना? दुसऱ्या दिवशी तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी साठा भरपूर आहे असं शांतपणे सांगितलं आणि घबराट ओसरली. घरटी चार मास्क तर त्याआधीच वाटायला सुरुवात झाली होती. त्या एका वर्षात सरकारनं चार अर्थसंकल्प मांडले, पिढ्यान्‌पिढ्या साठवलेल्या गंगाजळीला हात घातला. 2020 संपलं तेव्हा करोनानं गेलेल्यांची संख्या 29 होती. त्या वर्षी साताऱ्याला आजोबांना फोन लावताना माझा जीव मुठीत असायचा. इथे मात्र मी निर्धास्त झोपायचे.

आता न सांगितलेलं सांगते.

रोज सरकारचा व्हॉट्सॲप संदेश यायचा आणि बाबा त्यातला आकडा वहीत उतरवायचे. आठवतंय? ती वही काल मी कपाटातून काढली. 20 एप्रिल 2020 च्या ओळीत त्यांनी लिहिलंय: 16. त्या दिवशी देशात नवे रुग्ण सापडले होते 1,426. नागरिक आणि कायम रहिवासी तेवढे 16, बाकी जवळजवळ सगळे डॉर्ममधले, म्हणजे परदेशी मजुरांच्या सामूहिक वसतिगृहांतले कामगार. बाबांनी लपवलं असं नाही गं. संदेशातच आकडे वेगवेगळे यायचे, आणि "बाहेर किती?" हे मीच विचारायचे. 'बाहेर' म्हणजे आपण. सोळा ऐकून मी हुश्श केलं असणार.

डॉर्ममध्ये तेव्हा सुमारे 3,23,000 माणसं राहत होती, बरीचशी बांगलादेशातली आणि तमिळनाडूतली. एका खोलीत बारा ते वीस जण, दुमजली खाटा, संडास आणि स्वयंपाकघर सामाईक. त्यांना एक मीटर अंतर ठेवा म्हणून कसं सांगणार? कामगारांसाठी झटणाऱ्या एका संस्थेनं मार्चमध्येच वर्तमानपत्रात पत्र लिहून हा धोका सांगितला होता. एप्रिलमध्ये तो खरा ठरला. डिसेंबरमध्ये सरकारनंच जाहीर केलं की स्वॅब आणि रक्ततपासण्या मिळून डॉर्ममधल्या 47 टक्के कामगारांना लागण होऊन गेली होती. जवळजवळ दोघांत एक.

मग पैसा तिथेही पोचला, आणि पोचल्यावर त्यानं काम केलं. डॉर्ममध्ये डॉक्टर बसवले, जेवणाचे डबे आले, उपचार फुकट झाले. लष्कराच्या छावण्या, एक्स्पो या प्रदर्शन केंद्राची दालनं, अगदी क्रूझ जहाजंसुद्धा राहायला दिली. हे तू जरूर सांग, कारण बऱ्याच देशांनी इतकंही केलं नाही. पण हीच माणसं त्याआधीही रोज ट्रकच्या मागे बसून आपल्या पुंगोलच्या रस्त्यानं जायची. आपली इमारत त्यांच्यासारख्यांनीच उभी केली.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. 2020 च्या जूनमध्ये निर्बंध सैल झाले, आपण बाहेर पडलो, तुझा वाढदिवस हॉटेलात केला. ते कामगार मात्र काम आणि डॉर्म, डॉर्म आणि काम. सप्टेंबर 2021 मध्ये पहिला प्रयोग म्हणून आठवड्याला जास्तीत जास्त 500 लसवंत कामगारांना काही तास बाहेर सोडायचं ठरलं, आणि पहिली तुकडी लिटल इंडियात आली. दीड वर्ष, ओवी. त्या दीड वर्षात आपण दर रविवारी तिथूनच कढीपत्ता आणि मोगऱ्याचे गजरे आणत होतो. रस्ते इतके मोकळे कसे, असं तू एकदा विचारलंस, आणि मी म्हणाले, बरं झालं, गर्दी नाही.

आपणही याच देशात परदेशी म्हणूनच आलो होतो. फक्त आपल्या पासचा, म्हणजे इथे काम करण्याच्या परवान्याचा प्रकार वेगळा होता.

वहीच्या पानांचे फोटो पाठवतेय. बाबांनाही हे पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ ती वही चाळत बसले होते. तिच्यात तारखेपुढे एकच रकाना आहे. डॉर्मचे रोजचे आकडे आरोग्य मंत्रालयाच्या जुन्या निवेदनांत मिळतील. ते शोध आणि शेजारी दुसरा रकाना आखून भर. झालं की आम्हालाही पाठव.

तुझी,
आई