तक्रार: दुरुस्त म्हणून परत पाठवलेला नॅव्ह रिसीव्हर तापला की दिशा चुकवतो

प्रति,
व्यवस्थापक, सेवा व दुरुस्ती विभाग

बेळगाव, ८ जून

महोदय,

माझ्या चार आसनी सेसना विमानातल्या दोनपैकी नंबर एकचा नॅव्ह रिसीव्हर, म्हणजे जमिनीवरच्या व्हीओआर या रेडिओ बीकनवरून दिशा दाखवणारा डबा, जानेवारीत आपल्याकडे दुरुस्तीला पाठवला होता. मार्चमध्ये तो ‘सर्व्हिसेबल’ची चिठ्ठी, सीए फॉर्म १ हा वापरायोग्यतेचा दाखला आणि बिलासह परत आला. रोग होता तसाच आहे. त्यावर मी ई-मेल केले, फोन केले, आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर मिळालं. तेव्हा आता सगळं एकदा कागदावर. आपलं कार्यालय महाराष्ट्रात आहे म्हणून मराठीत लिहितो आहे. इंग्रजी प्रत सोबत आहेच.

थंड इंजिनाने उड्डाण केलं की पहिला अर्धा तास रिसीव्हर अगदी बरोबर चालतो. डबा तापला की सुई हळूहळू सरकू लागते आणि ८ अंशांच्या फरकावर जाऊन स्थिरावते. सिग्नल भरवशाचा नसल्याचा इशारा देणारा फ्लॅग पडत नाही, बीकनची मोर्समधली ओळख स्वच्छ ऐकू येते, काही बिघडलंय असं कुठेच दिसत नाही. सुई मेली असती तर मी नंबर दोनवर गेलो असतो, विषय संपला असता. ही सुई जिवंत राहून खोटं बोलते, आणि माझी तक्रार नेमकी त्याची आहे.

एप्रिलमध्ये हुबळीहून येताना कित्तूरच्या आसपास, बेळगावच्या सांबरा विमानतळापासून साधारण ३५ किलोमीटरवर, दोन्ही इंडिकेटर एकाच रेडियलवर, म्हणजे बीकनपासून निघणाऱ्या एकाच दिशारेषेवर लावले. नंबर एकची सुई मधोमध. नंबर दोनची उजवीकडे चार टिंबं, म्हणजे एका टिंबाचे २ धरून ८ अंश. त्या अंतरावर हा फरक जमिनीवर जवळपास ५ किलोमीटरचा होतो. हवा स्वच्छ होती, खाली हायवे दिसत होता, पुढे हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध दिसलं, म्हणून कुठली सुई खरी हे डोळ्यांनीच कळलं. नंबर दोन खरी. आता पाऊस तोंडावर आहे. खानापूरच्या बाजूचे ढग झाडांना टेकले की खालचा हायवे कोण दाखवणार? आणि आपली सुई मला त्याच बाजूला सरकवते आहे.

आपलं पहिलं उत्तर होतं ‘नो फॉल्ट फाउंड’. मी विचारलं, बेंचवर किती वेळ चालवून पाहिलात? तपासणीच्या कागदावर वेळच लिहिलेली नव्हती. फोनवर कळलं की एसी खोलीत दहा-पंधरा मिनिटं. माझं उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्हचं वर्कशॉप आहे. तिथे तेल तापल्यावर व्हॉल्व्ह गळतो का हे पाहिल्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही, कारण थंड तेलात कुठलाही व्हॉल्व्ह शहाणाच वागतो. माझ्या तक्रारीच्या पहिल्या ओळीतच ‘तापल्यावर’ असं लिहिलेलं होतं. ते वाचलं कुणी?

दुसरं उत्तर जास्त लागलं. दोष रिसीव्हरचा नाही, सांबऱ्याच्या व्हीओआरचा आहे, असं आपल्या इंजिनिअरनी कळवलं. वर, विमानतळ १९४२ सालचा, यंत्रणाही जुनीच असणार, अशी मल्लिनाथी. धावपट्टी ब्रिटिश हवाई दलाने १९४२ साली बांधली हे खरं, पण म्हणून बीकनही त्यांनीच ठेवून दिलं असं नसतं हो. बीकन बंद असेल तर नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) निघतो, काम चालू असेल तर त्याची मोर्स ओळख काढून टाकतात. दोन्ही बाबी मी प्रत्येक वेळी पाहिल्या आहेत. त्याच बीकनवर नंबर दोनचा रिसीव्हर बरोबर चालतो. दोघांना अँटेना एकच आहे, त्यामुळे अँटेनालाही दोष देता येत नाही.

तरीही मी गोव्याच्या व्हीओआरवर पाहिलं. तिथेही ८ अंश, त्याच बाजूला. व्हीओआरकडून ३० हर्ट्झच्या दोन लहरी येतात, एक स्थिर संदर्भाची आणि एक दिशेनुसार बदलणारी. रिसीव्हर या दोघींमधला फेजचा फरक मोजतो आणि त्यावरून दिशा काढतो. डोंगर किंवा इमारतीमुळे बीकनमध्ये चूक आली तर ती दिशेदिशेला वेगळी असते. प्रत्येक बीकनवर, प्रत्येक दिशेला तेवढीच चूक येत असेल, तर मोजणाराच चुकतो आहे. हे आपल्या इंजिनिअरना मी सांगावं लागावं, याचं मला नवल वाटतं.

एवढ्यावरही आपलं समाधान झालं नाही म्हणून आमच्या एएमईने (परवानाधारक विमान देखभाल इंजिनिअरने) दोन्ही डबे काढून त्यांच्या जागा बदलल्या. दोन्ही एकाच बनावटीचे आहेत. पुढच्या उड्डाणात अर्ध्या तासाने चूक नंबर दोनच्या इंडिकेटरवर आली, नंबर एक सरळ. डबा जिकडे गेला तिकडे चूक गेली.

याच वेळी एएमईने दाखवलेली गोष्ट आपण नीट वाचावी. आपल्या बिलात ‘उघडून साफसफाई व कॅलिब्रेशन’ असे पैसे लावले आहेत. डब्याच्या मागच्या बाजूला चार स्क्रू आहेत. आधीच्या दुरुस्तीत दुसऱ्या एका कारागिराने त्यांवर लावलेले लाल रंगाचे ठिपके चारही स्क्रूंवर अखंड आहेत, कुठे तडासुद्धा नाही. स्क्रू पाव आटा फिरला तरी तो रंग तुटतो, तो लावतातच त्यासाठी. मग डबा उघडला कुठून? फोटो जोडले आहेत.

तिसरं उत्तर ‘हल्ली सगळे जीपीएसवरच उडवतात’. माझ्याकडेही जीपीएस आहे. पण जीपीएसच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ होते म्हणून डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये खास परिपत्रक काढावं लागलं होतं. आणि ते बाजूला ठेवलं तरी, दुरुस्तीचे पैसे घेतलेली वस्तू वापरू नका म्हणून ग्राहकाला सांगणं ही काय दुरुस्ती झाली? एडीएफ या दुसऱ्या रेडिओ दिशादर्शकाची सुई ढगात वीज कडाडली की विजेकडे वळते. तो त्या तंत्राचा स्वभाव आहे, त्यासाठी आम्ही कुणाकडे तक्रार करत नाही. व्हीओआरचा असा स्वभाव नाही.

आता मला हवं ते असं. आपल्या खर्चाने डबा नेऊन, गरम स्थितीत किमान एक तास सलग चालवून तपासावा, आणि दर दहा मिनिटांची रीडिंग सही-शिक्क्यासह द्यावी. सोल्डरचा सांधा सुटला असेल किंवा एखादा भाग तापून सरकत असेल, तो तेव्हाच सापडेल. न उघडता लावलेले उघडण्याचे पैसे मात्र कुठल्याही परिस्थितीत परत हवेत. सांबऱ्याच्या बीकनला दोष देणारं पत्र लेखी मागे घ्यावं, कारण ते माझ्या विमानाच्या कागदपत्रांत लागलं आहे आणि उद्या दुसरा कुणी त्यावर विसंबेल. विमानदुरुस्तीसाठी सीएआर-१४५ ची मान्यता असलेल्या कंपनीने पुराव्याशिवाय असं लिहू नये.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी डीजीसीएकडे कळवीन आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. विमान माझ्या खासगी वापराचं आहे, भाड्याने चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे आपल्याच लोकांना इकडे यावं लागेल. डबा सध्या विमानातून काढून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. सांबऱ्याला आत येण्याचा पास आधी काढावा लागतो.

आपला,
विमानमालक व खासगी वैमानिक
टिळकवाडी, बेळगाव

सोबत: बिल, सीए फॉर्म १, आपली तिन्ही उत्तरं, स्क्रूंचे फोटो, एएमईची नोंद