जेल आणि प्रिझन, दोन्ही ‘तुरुंग’च?

महोदय,

अमेरिकेतील बातम्या देताना ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ या दोन्हींना सरसकट ‘तुरुंग’ म्हटले जाते. वाचणाऱ्याला वाटते, माणूस शिक्षाच भोगतो आहे. तिथे जेल बहुधा काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची) किंवा शहराची. तिच्यात मुख्यतः कच्चे कैदी आणि साधारण वर्षभरापर्यंतची शिक्षा झालेले. प्रिझन राज्याचे किंवा केंद्राचे, मोठ्या शिक्षेसाठी. न्यूयॉर्कचे रायकर्स आयलंड ही जेल. सॅक चोरल्याच्या आरोपावरून 16 वर्षांचा कालिफ ब्राउडर 2010 मध्ये तिथे गेला, कारण जामिनाचे 3,000 डॉलर घरच्यांना उभे करता आले नाहीत. सुमारे तीन वर्षे खटला चाललाच नाही. 2013 मध्ये आरोप मागे घेतले गेले. अशा मुलाला ‘शिक्षा भोगणारा कैदी’ म्हणणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे.

‘पॅरोल’चेही तसेच. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजा. घरचे आजारपण, लग्नकार्य आटोपून कैद्याने परत आत यायचे. तिकडे पॅरोलवर सुटलेला उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेरच काढतो, अटी मोडल्या तर पुन्हा आत. प्रोबेशन, म्हणजे अटींवर देखरेखीखाली बाहेर राहणे, मात्र न्यायालय सहसा कैदेऐवजी देते. बातमीत एवढा खुलासा एका ओळीत तरी द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे