पप्पांना घेऊन या!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या महिला पुरवणीतला लेख वाचून रात्री झोप लागली नाही. ‘योजना ढीगभर आहेत, बायकाच पुढे येत नाहीत’ हे ज्यांनी लिहिलं, त्यांनी एकदा माझ्याबरोबर बँकेत यावं.

मी जळगावची. लग्न होऊन बडोद्याला आले त्याला १८ वर्षं झाली. मिस्टर मकरपुरा जीआयडीसीत शिफ्टला असतात, मी खान्देशी काळा मसाला आणि कळण्याचं पीठ विकते. मसाला घरी भाजते, दळायला चक्कीवर नेते. बाकीच्या गिऱ्हाइकांना ठसका लागतो म्हणून चक्कीवाले भाई मला रात्री साडेनऊनंतर बोलावतात, आणि दळून झालं की चक्की पुसायची तीही मीच. म्हणून स्वतःचं पल्वरायझर घ्यायचं ठरवलं. भट्टी आणि पाऊच सील करायचं मशीन धरून १ लाख ८० हजारांचं कोटेशन आलं. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत हे ‘किशोर’ गटात बसतं, ५० हजार ते ५ लाख, आणि तारण मागायचं नाही असा नियम आहे. लहान धंद्याची उद्यम नोंदणी झाली होती, वर्षाचे १०० रुपये भरून खाद्यपदार्थांसाठी लागणारं एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशनही केलं होतं.

बँकेतल्या साहेबांनी आधी घराचं विचारलं. घर भाड्याचं, करार ११ महिन्यांचा, लाइटबिल मालकाच्या नावावर. मालक धंद्यासाठी लेखी संमती द्यायला तयार नाहीत. मग कागद काढले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. लग्नाचा दाखला मागितला. तिकडे गावी झालेल्या लग्नाची नोंदणी आम्ही केलीच नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं आणि सोबत आलेल्या माझ्या बारावीतल्या मुलाला म्हणाले, “पप्पाने लईने आवजो.”

चौथ्या खेपेला मिस्टर रजा टाकून आले. त्यांना खुर्ची मिळाली, पाणी विचारलं. आधीच्या तीन खेपांना मला कोणी ‘बसा’ म्हणालं नव्हतं. मशीन किती हॉर्सपॉवरचं, हे साहेबांनी मिस्टरांना विचारलं आणि मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तीन. साहेबांनी ते लिहून घेतलं, पण पुढचा प्रश्न पुन्हा मिस्टरांनाच. शेवटी काय, तर बडोद्यात स्वतःचं घर असलेले दोन जामीनदार आणा. मी कुठून आणू? माझं सगळं गोत तापीकाठी.

(सयाजीराव महाराजांनी १९०८ साली काढलेली बँक ऑफ बडोदा ती ही नव्हे, कुणाचा गैरसमज नको.)

माझ्या मसाल्याच्या कापडी पिशव्या याकुतपुऱ्यातल्या एक मुसलमान भाभी शिवतात. त्यांचं तर माझ्याहून कठीण. त्यांच्यासाठी एका दुकानाचं भाडं मी फोनवर ठरवलं, ६ हजार. करार करायला गेलो, मालकांनी भाभींचं आधार कार्ड हातात घेतलं आणि म्हणाले, “अशांत धाऱ्याची भानगड नको.” हा गुजरातचा कायदा १९९१चा, ‘अशांत’ जाहीर केलेल्या भागात मालमत्ता विकायला किंवा भाड्याने द्यायला कलेक्टरच्या परवानगीचा. कलेक्टरकडे अर्ज तरी करून बघू, असं भाभी म्हणाल्या, पण मालकांनी ऐकून घेतलं नाही. आता त्या अंधाऱ्या खोलीत बल्बखाली मशीन चालवतात.

अहमदाबादेत १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये काढून सेवा बँक उभी केली, कारण बँका त्यांना दारात उभं करत नव्हत्या. आणि आमच्या बडोद्यात महाराणी चिमणाबाईंनी स्त्री उद्योगालय काढलं त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. बायका पुढे येत नाहीत म्हणता? मी चार वेळा आले होते.

आणखी एक. दिवाळीच्या महिला मेळाव्यातल्या स्टॉलचे अर्ज निघाल्याची बातमी तुम्ही मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी छापलीत. माझा १५ किलो मसाला तयार होता. यंदा कृपा करून मुदतीच्या आत छापा.

आपली नियमित वाचक,
बाबाजीपुरा, बडोदे