रात्रीचे अपडेट, सकाळी रिकामी यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या सेटटॉप बॉक्सला खरे काम रात्रीच असते. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणारा कामगार संध्याकाळचा सामना रेकॉर्डवर लावूनच घर सोडतो. मेलबर्न-सिडनीची कसोटी आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. आषाढीची शासकीय महापूजा पंढरपूरहून मध्यरात्रीनंतर थेट दाखवतात. घरातली वडीलधारी मंडळी ती सकाळी आंघोळ उरकून बघतात. आणि नेमके याच वेळेत, मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान, बॉक्सचे सॉफ्टवेअर बदलले जाते. त्या वेळी टीव्ही बघणारे कमी असतात हे खरे. पण रेकॉर्डिंगचा बॉक्स तेव्हाच कामात असतो, हे वेळ ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. सकाळी बॉक्स उघडावा तर रेकॉर्डिंगची यादी रिकामी, पुढच्या आठवड्याची लावलेली रेकॉर्डिंग गायब, नाहीतर पडदाच काळा. ग्राहक फोन करतो आणि त्याला एकच उत्तर मिळते: रीसेट करा. हे उत्तर बऱ्याचदा नुकसान वाढवते, म्हणून हे पत्र.

अपडेट येते डिशच्या छत्रीतूनच. उपग्रहावरून त्या फाइलचे तुकडे रहाटगाडग्यासारखे एकामागून एक, फिरून फिरून पाठवले जातात. बॉक्स स्टँडबायमध्ये असताना नव्या आवृत्तीचा क्रमांक ओळखतो आणि तुकडे गोळा करू लागतो. समजा फाइल ४० एमबीची आहे आणि तिच्यासाठी सेकंदाला ५१२ किलोबिट एवढीच वाट ठेवली आहे, तर एका फेरीला दहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. पावसात सिग्नल तुटून एक तुकडा निसटला की तो पुढच्या फेरीत हाती लागेपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हेच काम तासभरही रेंगाळू शकते. सगळे तुकडे जमले की बॉक्स त्यांची डिजिटल सही तपासतो आणि आतल्या फ्लॅश मेमरीत ते लिहायला घेतो. धोका या लिहिण्याच्या काही मिनिटांत असतो. तेवढ्यात वीज गेली आणि बॉक्समध्ये सॉफ्टवेअरसाठी एकच जागा असली, तर जुने पुसलेले आणि नवे अर्धवट अशी गत होते. मग पडद्यावर लोगो येतो, जातो, पुन्हा येतो. पुढे काही सरकत नाही. अशा बॉक्सला ‘सॉफ्टवेअर मारावे’, म्हणजे ते नव्याने भरावे लागते, आणि ते घरी बसून होत नाही. ज्या बॉक्समध्ये सॉफ्टवेअरच्या दोन जागा असतात, त्यात नवे एका जागी लिहिले जाते आणि ते बिघडले तर बॉक्स दुसऱ्या जागेतल्या जुन्यावर चालू होतो. या सोयीला लागणारी जादा मेमरी काही फार महाग नसते. ग्राहकाच्या रेकॉर्डिंगची जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येक बॉक्समध्ये ती असलीच पाहिजे.

आपल्याकडे झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करायची सवय आहे, आणि वीज वाचवायची म्हणून ती चांगलीच. पण अशा घरात रात्रीचे अपडेट पोचत नाही. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बटण चालू केल्यावर सुरू होते. चित्र लवकर येत नाही म्हणून घरातले कोणीतरी पुन्हा बटण बंद-चालू करते, आणि तोच घाव नेमका लिहिण्याच्या मिनिटांत बसतो. पडद्यावर टक्केवारी सरकत असेल, किंवा समोरचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर निदान अर्धा तास बॉक्सला हात लावू नये. वायफायच्या राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस इथेही उपयोगी पडतो. मात्र हार्ड डिस्क असलेल्या बॉक्सला तो अडॅप्टरवर लिहिलेल्या अँपिअरइतका तरी हवा. एक अँपिअरचा लावला तर डिस्क फिरायला लागतानाच बॉक्स बंद पडतो.

आता रेकॉर्डिंगचे. सर्वांत जास्त हळहळ याचीच असते आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. एचडी वाहिनीचे चित्र सेकंदाला ८ मेगाबिटने येत असेल तर एका तासाचे रेकॉर्डिंग ३.६ जीबी भरते. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर जवळपास एकशे अडतीस तास. डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: चित्रांच्या मोठ्या फाइल, आणि कुठली फाइल कुठल्या कार्यक्रमाची हे सांगणारी एक छोटी नोंदवही. नव्या सॉफ्टवेअरने नोंदवहीची मांडणी बदलली आणि जुन्या नोंदी नव्या मांडणीत नीट उतरल्या नाहीत, की यादी कोरी दिसते. फाइल मात्र जागच्या जागी असतात. ओळखायची खूण सोपी आहे. मेनूत डिस्क किती भरली आहे ते पाहा. यादी रिकामी आणि डिस्क ८० टक्के भरलेली, तर माल आतच आहे. अशा वेळी नवे रेकॉर्डिंग लावू नका, लावून ठेवलेली मालिकांची रेकॉर्डिंग उरली असतील तर तीही थांबवा, आणि ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असे पडद्यावर आले तर ‘नाही’ म्हणा. पुढच्या दुरुस्तीच्या अपडेटमध्ये यादी परत येण्याची शक्यता तेवढ्यानेच जिवंत राहते. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, आणि त्यातही पर्याय नीट वाचून, कारण काही बॉक्समध्ये त्याने डिस्कही पुसली जाते. डिस्क काढून संगणकाला जोडण्यात अर्थ नाही. रेकॉर्डिंग त्या बॉक्सच्या किल्लीनेच उघडेल असे कुलूपबंद असते. ‘बॉक्स बदलून देतो’ ही भरपाई म्हणूनच अपुरी आहे. नवा बॉक्स आला की जुनी सगळी रेकॉर्डिंग हातची जातात.

काही बिघाड मात्र पाच मिनिटांत सुटतात. दोन ट्यूनरच्या, म्हणजे एकाच वेळी दोन वाहिन्या पकडणाऱ्या, बॉक्सला छत्रीवरून दोन केबल येतात. अपडेटनंतर सेटिंग एका केबलवर गेले की एक वाहिनी बघताना दुसरी रेकॉर्ड होत नाही. इन्स्टॉलेशनच्या मेनूत ते पुन्हा दोनवर करावे. चित्र आहे पण आवाज नाही, तर ध्वनीचे सेटिंग डॉल्बीवरून साध्या स्टिरिओवर, म्हणजे पीसीएमवर, आणावे. एचडीएमआयवर पडदा काळा राहिला तर बॉक्सला तीन पिनांच्या एव्ही केबलची सोय असल्यास ती लावून मेनू उघडावा आणि रिझोल्यूशन टीव्हीला झेपेल एवढे खाली आणावे.

प्रत्येक दोष अपडेटच्या माथी मारणेही योग्य नाही. अपडेटनंतर बॉक्स स्वतःहून बंद-चालू होतो, थांबलेली डिस्क पुन्हा फिरू लागते, आणि त्या क्षणी ती सर्वांत जास्त करंट ओढते. अडॅप्टरमधले कपॅसिटर म्हातारे झाले असतील तर व्होल्टेज खाली बसते आणि बॉक्स पुन्हा रीस्टार्ट होतो. नुसता अडॅप्टर मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दाखवतो, म्हणून तो चांगला समजला जातो. मोजायचे ते बॉक्स जोडून, डिस्क सुरू होताना. काटा अकराच्या खाली गेला तर अडॅप्टर बदला: व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनेची प्लस-मायनस दिशा तीच.

तक्रार करण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवावेत, एक सॉफ्टवेअर आवृत्तीच्या पानाचा आणि एक रिकाम्या यादीचा. ग्राहक सेवेकडून तक्रार क्रमांक घ्यावा. तिथे काम झाले नाही तर कंपनीच्या नोडल (तक्रार निवारण) अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज करून वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नाशिकच्या जिल्हा आयोगाकडेही जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. कंपनीनेच पाठवलेल्या सॉफ्टवेअरने बॉक्स बिघडला असेल तर टेक्निशियनचा व्हिजिट चार्ज ग्राहकाने का द्यावा? तो मागितला तर पावती घ्यावी आणि तीही तक्रारीला जोडावी.

ट्रायने एप्रिल २०२० मध्ये एकच बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेला चालावा अशी शिफारस केली होती. सॉफ्टवेअर अपडेटसाठीही तशाच नियमांची गरज आहे. अपडेटची सूचना तीन दिवस आधी पडद्यावर मराठीत यावी आणि त्यात काय बदलणार ते लिहिलेले असावे. रेकॉर्डिंग चालू असताना, किंवा पुढच्या दोन तासांत लावलेले असताना, बॉक्सने अपडेट सुरू करू नये. उपग्रहावरून पाठवताना कोणत्या मॉडेलने आणि कोणत्या क्रमांकांच्या बॉक्सने ते उचलावे हे ठरवता येते. मग एकाच रात्री सर्वांवर न सोडता आधी थोड्या बॉक्सवर आठवडाभर चालवून पाहावे. आणि जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा पर्याय किमान महिनाभर ग्राहकाच्या रिमोटवर असावा.

आपला,
घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत असलेला एक वाचक,
सिडको, नाशिक