खोडदच्या दुर्बिणीची अर्धीच बातमी

महोदय,

२९ जून २०२३ रोजी गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळातल्या तरंगांच्या, मंद 'गुणगुणी'ची बातमी जगभर गाजली. पण त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने (जीएमआरटी) नेमके काय केले, हे फारसे कुणी सांगितले नाही. स्पंदक तारे, म्हणजे वेगाने फिरणारे मृत तारे, घड्याळासारखे रेडिओ लहरींचे ठोके देतात. मधून गुरुत्वीय लहर गेली की ते ठोके किंचित पुढेमागे होतात. पण वाटेतल्या विद्युतभारित वायूमुळेही रेडिओ लहरी रेंगाळतात, आणि कमी वारंवारतेच्या तर जास्तच. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली आपली दुर्बीण याच कमी वारंवारतांवर ऐकते. त्यामुळे तो उशीर अचूक मोजून वजा करता येतो. हेच ठोके मोजणाऱ्या युरोपीय शास्त्रज्ञांच्या गटाच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींना याच मोजमापांची जोड मिळाली.

आणखी एक. शास्त्रज्ञांनी तेव्हा 'पुरावा' म्हटले होते, 'शोध' नव्हे. निव्वळ योगायोगाची शक्यता जवळजवळ शून्य आहे, हे ठरवणारी 'पाच सिग्मा'ची कसोटी तेव्हा पार झाली नव्हती. मथळा देताना हा फरक कृपया जपावा. शिवाय २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते, त्याची माहिती आधी छापलीत तर शाळांना सहल ठरवता येईल. माझ्या मुलीने तिथेच पहिल्यांदा अँटेना वळताना पाहिली.

— एक वाचक, जुन्नर तालुका